आठवी ‘ब’मधला जर्मन बाजार

आपल्याला जर्मन भाषेत रागावता येत नाही, हा शोध हिरामण बच्छाव सरांना वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पाथर्डी फाट्यावरच्या स्वतःच्या घरात, दुधाची पिशवी फुटल्यावर लागला. नऊ वर्षं ते शाळेत जर्मन शिकवत होते. विभक्ती, लिंग, काळ सगळं तोंडपाठ. पण दूध ओट्यावरून वाहत फरशीवर आलं आणि सरांच्या तोंडून जर्मनमध्ये एकच वाक्य निघालं, ‘दूध पांढरे आहे.’ ते खरं होतं. पण प्रसंगाला पुरेसं नव्हतं.

“काय म्हणालात?” योगिनीताईंनी फडकं शोधता शोधता विचारलं.

सरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मराठीत बोलायला त्यांनी स्वतःलाच बंदी घातली होती.

“मला बोललात की दुधाला, एवढं तरी सांगा,” योगिनीताई म्हणाल्या, “म्हणजे त्याप्रमाणे मनाला लावून घेते.”

घरात ही वेळ आणली होती ती शाळेने. आग्रा रोडला, आडगावच्या पुढे, फाटकावर पृथ्वीचा गोल असलेली जी शाळा आहे तिथे सर नोकरीला. (नाव सांगून उपयोग नाही. तसा गोल त्या रस्त्याला आणखी तीन फाटकांवर आहे.) शाळेच्या संस्थेने यंदा शिक्षकांच्या मूल्यमापनाची मानकं आणली आणि परदेशी भाषा शिकवणाऱ्यांसाठी त्यातली आठ वेगळी काढली. प्रिन्सिपल मॅडमनी ती पडद्यावर दाखवली. पहिलं मानक असं, की तासातला नव्वद टक्के वेळ शिक्षकाने तीच भाषा बोलावी. दुसरं असं, की शिक्षकाने कमी बोलावं आणि मुलांनी जास्त.

“मॅडम, म्हणजे मी नव्वद टक्के बोलायचं आणि गप्पही बसायचं?” सरांनी उभं राहून अदबीने विचारलं.

“सर, बी पॉझिटिव्ह,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या.

तिसरं मानक, वर्गात खऱ्या वस्तू वापराव्यात. चौथं, प्रत्येक मुलाला बोलायची संधी मिळावी. त्यापुढच्या मानकांची नावं एवढी लांब होती, की ती पडद्याच्या कडेवरून भिंतीवर गेली आणि तिथल्या थोर पुरुषांच्या फोटोंवर उमटली.

हे सगळं सरांनी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांची नेमणूक वर्षावर होती. दर मे महिन्यात ते बेकार होत आणि दर जूनमध्ये पुन्हा सर होत. या वेळी संस्थेने स्पष्ट कळवलं होतं, की मूल्यमापनात ‘प्रभावी’ असा शेरा मिळाला तर बच्छाव कायम; त्याच्या खालचा मिळाला तर जर्मन बंद, आणि ते तास रोबोटिक्सला. रोबोटिक्सचे शिक्षक एकदा टेप घेऊन येऊन जर्मनची खोली मोजूनही गेले. मोजताना आत सरांचा तास चालू होता. “चालू द्या, चालू द्या,” ते म्हणाले, “मला फक्त टेबलं बसतात का बघायचंय.” टेपचं एक टोक त्यांनी सरांनाच धरायला दिलं. सरांनी ते धरलं. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही.

आता जमेची बाजू बघायची तर बच्छाव सरांचा वर्ग शाळेत सगळ्यांत शिस्तीचा होता. त्याचं कारण सरांची पद्धत. ते जर्मन शिकवत ते मराठीतून. फळ्यावर लिहीत, मराठीत फोड करून सांगत, मराठीत चिमटे काढत, आणि मुलं मान खाली घालून उतरवून घेत. मुलं परीक्षेत नव्वदच्या वर मार्क आणत. नऊ वर्षांत त्या खोलीत एकही मूल स्वतःच्या मनाचं जर्मन वाक्य बोललं नव्हतं. तशी गरज कोणाला पडली नव्हती, सरांना तर नव्हतीच.

मूल्यमापनाची बातमी सोसायटीत फुटली ती योगिनीताईंमुळे. जिन्यात लताबाई भेटल्या. लताबाई तळमजल्यावरच्या. आजारी माणसाला भेटायला जाणं आणि उपाय सांगून येणं हा त्यांचा छंद. “सर दोन दिवस काहीतरी घशातून बोलताहेत,” त्या म्हणाल्या, “ज्येष्ठमध दे, आणि गार पाणी बंद.” मग योगिनीताईंना खरं सांगावं लागलं, आणि संध्याकाळी सहादू अण्णा वर आले.

सहादू अण्णा म्हणजे सोसायटीतलेच निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. पेठ, सुरगाणा, कळवण असे सगळे तालुके त्यांनी मोटारसायकलवर तपासले होते. तपासणी हा शब्द ते असा उच्चारत, की समोरच्याने आपोआप चपला नीट लावाव्यात.

“हिरामण, तू घाबरू नको,” अण्णांनी खुर्चीत बसता बसता सांगितलं. “मानकं आठ असोत नाहीतर ऐंशी. तपासणारा माणूस असतो. मी स्वतः तीस वर्षं तपासणारा होतो, मला माहीत. फळा स्वच्छ पाहिजे. उजव्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर. पुढच्या बाकावर हुशार पोरं. मागं ढ. मधे उंच पोरं बसवायची, म्हणजे मागचं दिसत नाही.”

“अण्णा, आता प्रत्येक मुलानं बोलायला पाहिजे. चौथं मानक.”

“मग पाठ करून घे! एकेक वाक्य वाटून दे. अरे, परातीत पेढे असतात ना, साहेब वरचा उचलतो. खालपर्यंत हात घालणारा साहेब मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. आणि मी स्वतःही घातला नाही,” अण्णांनी प्रामाणिकपणे जोडलं. “चहाबरोबर काय ठेवलंय?”

“तिथं कॉफीचं मशीन आहे.”

“मशीन?” अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काळजी दिसली. “मग अवघड आहे.”

सरांनी अण्णांचं ऐकलं. इथे त्यांना दोष देता येत नाही. आपल्याकडे पाठनिरीक्षण म्हणजे पाठ बसवणं, नाटक बसवतात तसं, हे ते बी.एड.ला शिकले होते आणि मानकांत त्याच्या विरुद्ध कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पुस्तकातला ‘बाजारात’ हा धडा निवडला. त्यात दुकानदार आणि गिऱ्हाईक बोलतात. नमस्कार, काय हवं? एक किलो कांदे. आणखी काही? नाही, आभारी आहे. शुभ दिवस. संपलं. कांदा हातात न घेता, न बघता, गिऱ्हाईक पुस्तकातून निघून जातं.

आठवी ‘ब’मध्ये पंधरवडाभर हा बाजार बसवला गेला. दुकानदार सुयश. त्याचे आईवडील दोघं डॉक्टर, गंगापूर रोडला दवाखाना. पाठांतर असं, की मधून कुठूनही चालू करा. बाकीची सगळी गिऱ्हाइकं, प्रत्येकाला एकेक वाक्य. शेवटचं गिऱ्हाईक तेजल. तेजल रोज पिंपळगाव बसवंतहून शाळेच्या बसने यायची. वडील तिथल्या मार्केटात कांद्याचे व्यापारी. दोन वर्षांत ती जर्मन तासाला जेवढं बोलली होती, त्यात हजेरीपलीकडे काही नव्हतं. तिला सरांनी सगळ्यांत सोपं वाक्य दिलं, ‘एक किलो कांदे द्या, आभारी आहे,’ आणि तिचं नाव आलं की घाईने पुढे सरकायचं असं मनाशी ठरवलं.

राहिलं तिसरं मानक, खऱ्या वस्तूंचं. सरांनी मेहुण्याला फोन लावला. संतोष, योगिनीताईंचा धाकटा भाऊ, दिंडोरीकडे शेती करायचा. सरांनी दोन किलो कांदे मागितले.

“दोन किलो?” संतोष दुखावला. “दाजी, तुमची परमनंटची परीक्षा, अन् मी दोन किलो देऊ? लोक काय म्हणतील?”

दोन दिवसांनी द्राक्षाच्या औषधांच्या खोक्यांबरोबर एका टेम्पोतून दोन भरगच्च क्रेट आले. वरचे कांदे एकसारखे, गुलाबी, फोटोत ठेवावेत असे. “संतोषनं स्वतः निवडलेत,” योगिनीताई म्हणाल्या, आणि एका क्रेटला त्यांनी हळदीकुंकू लावलं. दिवस सप्टेंबरचे होते. उन्हाळ्यात काढलेला कांदा साठवणीच्या चाळीत पाच महिने पडून असतो आणि पावसाची दमट हवा त्याच्यात काय काय उद्योग करते, हे कळवणच्या शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या हिरामण सरांना ठाऊक असायला हवं होतं. पण त्या आठवड्यात त्यांच्या डोक्यात जर्मन होतं, आणि शिवाय माल सासरचा होता. सासरचा माल कोणी खालपर्यंत बघत नाही.

क्रेट शाळेच्या फाटकात अडले. वॉचमनने ॲडमिनच्या महेश सरांकडे पाठवलं. महेश सरांनी संगणकावर प्रवेशाचा अर्ज उघडला. त्यात स्टेशनरी होती, क्रीडासाहित्य होतं, उत्सव होता. कांदा नव्हता.

“सर, कोणी खाणार तर नाही ना? खाणार असतील तर पालकांचं संमतिपत्र लागेल. चातुर्मास चालू आहे.”

“खाणार नाही. विकणार आहेत.”

“विकणार?” महेश सरांनी हात कीबोर्डवरून उचलले. “शाळेच्या आवारात विक्री?”

“जर्मनमध्ये विकणार हो! खोटं खोटं!”

“मग खरे कशाला आणले?”

या प्रश्नाला तिसऱ्या मानकात उत्तर होतं, पण ते सांगेपर्यंत घंटा झाली. शेवटी महेश सरांनी वस्तूचा प्रकार ‘प्रयोगशाळा’ आणि कारण ‘मानवी वर्तनाचे निरीक्षण’ असं टाकून अर्ज पुढे सोडला. ते एवढं तंतोतंत खरं ठरेल अशी त्यांची कल्पना नव्हती.

मूल्यमापनाला संस्थेच्या पुण्याच्या मुख्य कार्यालयातून सायली मॅडम आल्या. वय तिशीच्या आतलं, हातात टॅबलेट, बोलणं गोड. जर्मनचा एक शब्द त्यांना येत नव्हता, आणि हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. “पण मानकं भाषेवर अवलंबून नाहीत, सर. मी फक्त पुरावे बघते.” त्यांच्या टॅबलेटवर दोन घड्याळं होती. शिक्षक बोलला की एक चालायचं, मुलं बोलली की दुसरं. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या, म्हणजे नेमक्या जिथे अण्णांच्या हिशोबाने कोणाला काही दिसायला नको होतं.

बाजार सुरू झाला. गुटन टाग, म्हणजे नमस्कार, सुयश म्हणाला. एक किलो कांदे, पहिलं गिऱ्हाईक म्हणालं. आणखी काही? नाही. शुभ दिवस. दुसरं आलं. एक किलो कांदे. शुभ दिवस. सगळं पुस्तकासारखं, घड्याळाच्या काट्यासारखं. सरांच्या कपाळावरचा घाम वाळला. सायली मॅडमनी मात्र एकदा जांभई आवरली, आणि टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. सरांना लांबून एकच शब्द वाचता आला. तो ‘पाठांतर’ होता.

मग तेजल आली.

तिने तोंड उघडलं. एक किलो, ती म्हणाली. आणि मग तिची नजर क्रेटवर गेली. तिचा दोष नव्हता. तिच्या घरात चार पिढ्या कोणी कांदा न बघता घेतला नव्हता. पोरीचा हात वरच्या गुलाबी थरातून सरळ खाली गेला, कोपरापर्यंत, आणि बाहेर आला तेव्हा त्यात एक लिबलिबीत कांदा होता, वर हिरवा कोंब फुटलेला.

तेजलने सुयशकडे पाहिलं. आणि मग तिने जर्मनमध्ये सांगितलं, “वर सुंदर. खाली म्हातारा.”

पहिला शब्द जागांच्या धड्यातला होता, दुसरा राजकन्येच्या गोष्टीतला आणि शेवटचा ‘माझे कुटुंब’मधला. सुयशने पुढचं वाक्य म्हटलं, कारण त्याला तेच येत होतं. “आणखी काही?”

“नाइन! नाही!” तेजल म्हणाली. “काळा! ओला! माझे वडील घेत नाहीत!”

सुयशने सरांकडे बघितलं. त्याच्याजवळची वाक्यं संपली होती. सरांच्या जिभेवर मराठी आलं होतं, ‘तेजल, जागेवर बस!’ असं. पण मागे टॅबलेटवरचं घड्याळ चालू होतं, आणि त्याच्या आत नोकरी होती. मग सर पुढे झाले आणि दुकानदाराच्या जागी स्वतः उभे राहिले. नुसता पाठ सावरायचा, एवढाच त्यांचा हेतू. पण एकदा क्रेटमागे उभं राहिलं की माणूस शेतकरी होतो, आणि हे तर शेतकऱ्याचेच चिरंजीव.

“कांदा निरोगी आहे,” सर जर्मनमध्ये म्हणाले. “पाऊस पडला. खूप पाऊस पडला. शेतकरी थकला आहे.”

“शेतकरी थकला,” तेजल म्हणाली. “कांदा मेला.”

मागून दिंडोरीची दोन पोरं उठली. त्यांच्या घरची शेती. त्यांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. एक मेला, शंभर जिवंत, त्यांनी ओरडून सांगितलं. पिंपळगावच्या बसमधली पोरं तेजलच्या बाजूने बाकांवर चढली. ओता! ओता! हा शब्द त्यांना चहाच्या धड्यात मिळाला होता. सुयशला एवढ्यात आपल्या घराण्याचं काहीतरी आठवलं असावं, तो कांद्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाला, “त्याला ताप आहे. दवाखान्यात न्या.”

“दवाखान्यात नाही!” सर कडाडले. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. “हा माझ्या बायकोच्या भावाचा कांदा आहे! तो चांगला माणूस आहे! त्याने हाताने निवडला!”

“वरून निवडला!” तेजलही कडाडली, आणि तिने क्रेट टेबलावर उपडा केला.

गुलाबी कांदे चारी दिशांना गेले, बाकांखाली, फळ्याखाली. टेबलावर राहिला तो तळाचा माल. सुपारीएवढे बारके, कोंबाळलेले, काळ्या पावडरीने माखलेले. वास असा आला, की पहिला बाक आपोआप दुसऱ्यावर गेला. तेजलने त्यातला एक उचलून सरांच्या तळहातावर ठेवला. सरांनी बोटं मिटली आणि तो त्यांच्या मुठीतून बाहेर आला.

सर हाताकडे बघत राहिले. कळवणच्या घरात, त्यांच्या वडिलांनी असा माल कधी कुणाच्या क्रेटमध्ये खाली भरला नव्हता. असं निदान ते म्हणत. मागे सायली मॅडमचं बोट टॅबलेटवर थांबलं होतं.

“तुझं बरोबर आहे,” सर जर्मनमध्ये म्हणाले. मग पुरेसं झालं नाही असं वाटून, “माझं चूक. क्षमा कर.”

तेजलला काय करावं सुचेना. वर्गालाही. अशा वेळी काय म्हणतात ते शिकवलेलं नव्हतं. घंटा झाली तरी कोणी जागचं हललं नाही.

तासानंतरची चर्चा प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये झाली. सरांनी हात दोनदा धुतले होते, तरी वास येत होता.

“सर, मला काहीच कळलं नाही,” सायली मॅडम म्हणाल्या. “तुमच्या पाठाच्या टाचणात भांडण नाहीये. भांडण ठरवलेलं होतं का?”

प्रिन्सिपल मॅडमनी डोळ्यांनी खूण केली, की हो म्हणा. हो म्हटलं असतं तर नियोजनाचे गुण मिळाले असते.

“नव्हतं,” सर म्हणाले. “कांदा खराब निघाला. मी तो चांगला आहे म्हणून भांडलो. ती मुलगी म्हणाली खराब आहे. तिचंच खरं होतं.”

“हे सगळं जर्मनमध्ये?”

“मराठीतलं एक अक्षरही नाही.”

सायली मॅडम बराच वेळ टॅबलेट वर-खाली सरकवत राहिल्या. मग सावकाश वाचायला लागल्या. “वर्गनियंत्रण: मुलं बाकांवर उभी होती. सर, यात मी शून्य देतेय. नियोजन, अर्धे. स्वच्छता हे मानकांत नाही, ते तुमचं नशीब. पण हे आठवं. विद्यार्थी शिक्षकाशी असहमत होतात, स्वतःचं म्हणणं त्या भाषेत मांडतात आणि पटवून देतात.” त्यांनी वर पाहिलं. “या चौकटीत मी आजपर्यंत कुठल्याच शाळेत खूण केली नव्हती. आमचा समज होता, की ही चौकट चुकून छापली गेलीय.”

त्यांनी खूण केली. बेरीज ‘प्रभावी’च्या काठावर येऊन टेकली आणि खाली पडली नाही. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, “आय ऑलवेज न्यू इट.” सरांनी मान लववली.

घरी पोचले तेव्हा बातमी आधीच पोचली होती. योगिनीताईंनी दारातच साखर हातावर ठेवली आणि दुसऱ्या हाताने फोन पुढे केला. फोनवर संतोष होता, आवाज मोठा केलेला, म्हणजे जिन्यात उभे असलेले अण्णा आणि लताबाई यांनाही ऐकू जाईल.

“दाजी, अभिनंदन! परमनंट! आपला माल कामी आला ना?”

“तुमच्याच कांद्यामुळे झालं, संतोषराव,” सर म्हणाले. ते अक्षरशः खरं होतं. योगिनीताईंचा चेहरा फुलला.

“लय भारी! मी म्हनलोच होतो ताईला. मग आता पेढ्याऐवजी अख्ख्या सोसायटीला कांदेच वाटा. अजून दोन क्रेट भरूनच ठेवलेत, उद्या टेम्पो हाय.”

सरांनी बायकोकडे पाहिलं. मग जिन्यातल्या मंडळींकडे. तोंडातली साखर विरघळेपर्यंत ते थांबले.

“पाठवा,” ते म्हणाले. “फक्त या वेळी खालचे वर भरा आणि वरचे खाली.”

संतोषकडचा पाऊस फोनमध्ये ऐकू येत होता. अण्णांनी जिन्याच्या कठड्याकडे लक्ष वळवलं. योगिनीताईंना एकदम आत काहीतरी उतू जातंय असं वाटलं, आणि त्या गेल्या.

“दाजी,” शेवटी संतोष खालच्या आवाजात म्हणाला, “तळापर्यंत गेलं कोन?”

“आठवीतली एक मुलगी.”

“कुठली?”

“पिंपळगावची. वडील मार्केटात व्यापारी.”

“हां,” संतोषने मोठा श्वास सोडला. “मग त्याला इलाज नाय.”